भंगारातले ब्रेक पार्ट : लोखंड घ्या, रबर तिथेच सोडा

मारुती ८०० च्या ब्रेक पॅडसाठी भंगारअड्ड्यावर जाऊ नका. गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी पॅड, शू (ड्रमला आतून घासणारे), व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) आणि किट (सील वगैरेचा संच) दुकानात नवे मिळतात आणि फार महागही नाहीत. भंगारात जायचं ते प्रीमियर ११८ एनई, फियाट युनो, काँटेसा, देवू सिएलो, ओपल ॲस्ट्रा असल्या गाड्यांसाठी, ज्यांना आता वाली नाही. ८००, ओम्नी, जिप्सीसाठी जायचंच असेल तर जे तुकडे दुकानदार सहसा ठेवत नाही त्यांच्यासाठी जा: कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट, ड्रममागची बॅकप्लेट, पेडलचा संच, हँडब्रेकचा दांडा, ब्रेक ऑइलची टाकी आणि तिचं झाकण.

भंगारातून येतं ते फक्त धातूचं अंग. रबर, घासून झिजणारं अस्तर, होज पाइप, केबल, तांब्याचे वायसर हे सगळं नवंच घालायचं. होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतलं अस्तर सुटून त्याची झडप होते. पेडल दाबलं की ऑइल पुढे जातं, सोडलं की मागे येत नाही, आणि ते चाक धरून बसतं. बाहेरून हे ओळखता येत नाही. पोलादी ब्रेक पाइपही घेऊ नका. गोव्याच्या खाऱ्या हवेत तो क्लिपच्या खाली, जिथे माती आणि ओल साचते, तिथेच आधी कुरतडला जातो. नवा पाइप ४.७५ मिमीचा, लेप दिलेल्या पोलादाचा किंवा तांबे-निकेलचा बनवून घ्या. नुसत्या तांब्याचा नको, तो थरथरून कडक होतो आणि चिरतो.

गाडी कुठे जगली ते आधी वाचा

पार्टापेक्षा आधी गाडी पाहायची. नंबरप्लेट शाबूत असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. जीए ०६ म्हणजे वास्को: बंदर, समुद्र, मीठ. अशा गाडीचे कॅलिपर वरून ठीक दिसले तरी निप्पल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) आणि बोल्ट आत गंजून एकजीव झालेले असण्याची शक्यता जास्त. जीए ०४ म्हणजे डिचोली. तिथली गाडी खाणपट्ट्यातून फिरली असेल तर ड्रम आणि डस्ट बूटच्या (धूळ अडवणाऱ्या रबराच्या) आत लाल माती दगडासारखी बसलेली सापडते. तिने ड्रम आतून घासून काढलेला असतो, पण कास्टिंग बहुधा चांगलं राहतं. प्लेटवरून पक्कं काही ठरत नाही, गाड्या विकल्या जातात, पण कुठे बारकाईने पाहायचं ते कळतं.

कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपची गोष्ट वेगळी. त्या ओढ्यांतून जातात, म्हणजे ड्रममध्ये पाणी आणि वाळू दोन्ही जातात. अशा जीपचा ड्रम घेताना आतल्या भिंतीवर बोट फिरवा. ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेषा लागल्या तर तो ड्रम विसरा.

सगळ्यात चांगली दाता म्हणजे मागून किंवा बाजूने धडकलेली, कालपर्यंत रस्त्यावर असलेली गाडी. पुढून धडकलेली असेल तर पुढच्या चाकाचे ब्रॅकेट वाकलेले असू शकतात. चार-पाच पावसाळे उघड्यावर काढलेली गाडी, आणि तीही ऑइलच्या टाकीचं झाकण नसलेली, असेल तर मास्टर सिलिंडरकडे (पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या भागाकडे) बघायचंही नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, गंजतो. पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहिलेली असते, ती कोणी धूत नाही.

जायचं ते फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात अड्डा म्हणजे चिखल, डास आणि बॉनेटखाली वेटोळं घातलेला साप. बॉनेट कुठल्याही महिन्यात हाताने नको, काठीने उचला.

न्यायचं सामान आणि एक धोका

बंद तोंडाचा आणि सहा कोनी ८ व १० मिमीचा पाना (ब्रेकचा निप्पल आणि पाइपचा नट बहुतेक जपानी ढंगाच्या गाड्यांना याच मापांचा), फ्लेअर नटचा (ब्रेक पाइपच्या टोकावरच्या नटचा) चिरलेला पाना, १२, १४ आणि १७ मिमीचे सॉकेट, लांब दांडा, एक किलोचा हातोडा, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, टॉर्च, व्हर्नियर, मायक्रोमीटर, आणि छोट्या झिपच्या पिशव्या. ॲम्बेसेडरसाठी इंचातले पाने वेगळे न्या.

तुमच्या गाडीवरून निघालेला एक फ्लेअर नट खिशात ठेवा, तो पुढे उपयोगी पडेल.

अड्ड्यावर गाड्या चिऱ्यांवर उभ्या केलेल्या असतात. जांभ्या दगडाचा चिरा भिंतीत वर्षानुवर्षं टिकतो कारण वजन सगळीकडे सारखं पडतं. गाडीच्या चौकटीचा एक कोपरा त्यावर टेकला की तो कडेने भुगा होऊन सरकतो, आणि चाकं नसलेली गाडी खाली बसायला एक क्षणही लागत नाही. अशा गाडीखाली डोकं घालू नका. भंगारवाल्याकडून लाकडी ओंडके मागा किंवा रिम एकावर एक आडव्या रचून आधार द्या, मगच हात घाला.

जुन्या लायनरमध्ये (शूच्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रम उघडला की फुंकर मारायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नाही. बाटलीतलं पाणी शिंपडून धूळ ओली करा आणि चिंधीने पुसा. चेहऱ्याला बांधलेला रुमाल हा मास्क नव्हे.

कॅलिपर

कॅलिपर गाडीवर घट्ट बसलेला असतानाच सगळं सैल करायचं. सुटा काढून हातात धरला की निप्पलला जोर लावायला आधार राहत नाही.

निप्पल, होजचा बँजो बोल्ट (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) आणि ब्रॅकेटचे दोन बोल्ट या चारही ठिकाणी वायर ब्रश मारा, स्प्रे करा आणि वीस मिनिटं दुसरं काही बघा. मग निप्पलच्या डोक्यावर हातोड्याने दोन-तीन हलके ठोके द्या, त्याने आट्यांतला गंज तुटतो. पाना आधी घट्ट करायच्या दिशेला किंचित ढकला, मग सोडा. हलला की काम झालं. कुरकुरत, रबरासारखा वळत असेल तर तो आत पिळला जातोय. तिथेच थांबा, पुन्हा स्प्रे मारा. निप्पल तुटला की कॅलिपरची किंमत भंगारवाल्याच्या काट्यावरच्या लोखंडाएवढीच उरते, कारण तो ड्रिल करून काढणं आणि आटे वाचवणं हे लेथवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. म्हणून निप्पल सुटल्याशिवाय भाव ठरवू नका.

निप्पल हलला की पुन्हा बोटाने घट्ट करा. बँजो सैल होतो याची खात्री करून तोही पुन्हा आवळा. मग होज मधूनच कापा, नाहीतरी तो फेकायचाच आहे. कॅलिपरला राहिलेला वीतभर तुकडा दुमडून तारेने बांधला की आत माती आणि पाणी जात नाही. शेवटी नकलच्या (चाक धरणाऱ्या लोखंडी अंगाच्या) मागचे ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढा, आणि कॅलिपर ब्रॅकेटसकट घ्या. बोल्टही सोबत घ्या, ते साधे बोल्ट नसतात.

आता बूट बाजूला सारून पिस्टन पाहा. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो, आणि बाहेर आलेल्या भागावर, विशेषतः बूट फाटलेला असेल तर, तपकिरी टिपके पडतात. गाडी चालत होती तोवर ते सीलच्या बाहेर होते, त्यामुळे गळती नव्हती. तुम्ही नवे, जाड पॅड घातलेत की तोच गंजलेला पट्टा सीलखाली जातो आणि सील फाटतो. म्हणून आज गळत नाही ही कसोटी नाही. नख अडेल असा खड्डा पिस्टनवर असेल आणि त्या गाडीच्या किटमध्ये पिस्टन मिळत नसेल, तर लेथवर स्टेनलेसचा बनवून घ्यावा लागेल. तेवढा खर्च भावातून वजा करा.

अडकलेला पिस्टन हे नाकारण्याचं कारण नाही. कॅलिपरचा चौकोनी सील सिलिंडरच्या खाचेत बसतो आणि पिस्टनवर घासतो, तेव्हा इथे पिस्टनचा पृष्ठभाग आणि सीलची खाच महत्त्वाची, आतली भिंत तेवढी नाही. मास्टर आणि व्हील सिलिंडरमध्ये याच्या उलट: सील पिस्टनवर चढवलेला असतो आणि भोकाच्या भिंतीवर घासतो. कॅलिपरमध्ये पिस्टन पाहा, मास्टरमध्ये भोक पाहा.

डावा आणि उजवा यांत गल्लत होते. कॅलिपर बसवल्यावर निप्पल वरच्या टोकाला यायला हवा. उलटा कॅलिपर बोल्टला बरोबर बसतो, ऑइलही भरतं, फक्त निप्पल खाली जातो आणि वरच्या पोकळीत हवा कायमची अडकते. मग माणूस दोन-दोन लिटर ऑइल ओतूनही पेडल स्पंजासारखंच राहतं. म्हणून काढतानाच खडूने डा किंवा उ लिहा. मागच्या शूच्या चाकी असलेल्या ॲडजस्टरचंही तसंच, डाव्या-उजव्याचे आटे उलटे असू शकतात. अदलाबदल झाली तर शू जवळ येण्याऐवजी लांब जातात.

ड्रम आणि डिस्क

हँडब्रेक सोडा. तो गंजून अडकला असेल तर केबल कापा. बॅकप्लेटवरच्या भोकातून पेचकसाने ॲडजस्टर मागे फिरवा, नाहीतर ड्रमच्या कडेला पडलेल्या धारेत शू अडकतात. ओम्नी, जिप्सीचा ड्रम सुटा असतो आणि त्यावर ८ मिमी आट्यांची दोन रिकामी भोकं असतात. दोन बोल्ट आळीपाळीने, अर्धा-अर्धा वळसा आवळत जा, ड्रम आपोआप बाहेर सरकतो. कडेवर हातोडा मारलात तर बीड लोखंड चिरतं. ८०० मध्ये ड्रमच्या पोटातच बेअरिंग असतं, तिथे आधी धुरीवरचा नट काढावा लागतो.

ड्रम बोटावर टांगून हातोडीने टिचकी मारा. घंटेसारखा वाजला तर बरा, फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. आतला व्यास आडवा आणि उभा असा दोन्हीकडे मोजा. ड्रमवरच किंवा डिस्कवर शेवटचं माप कोरलेलं असतं. तिथे १८२ असेल आणि तुमचं माप १८१.८ येत असेल, तर तो ड्रम घेऊन उपयोग नाही, कारण लेथवर साफ करायला लोखंडच उरलेलं नाही. निळे-जांभळे डाग म्हणजे तो कधीतरी प्रमाणाबाहेर तापलाय.

डिस्क मोजताना व्हर्नियरचे जबडे बाहेरच्या गंजलेल्या कडेवर बसतात आणि माप जाड येतं. मायक्रोमीटरने, कडेपासून १० मिमी आत, आठ ठिकाणी मोजा. दोन मापांत दोन-तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असला की पेडल पायाखाली थरथरतं. नवी डिस्क मिळत असेल तर जुनी घेऊच नका. ड्रम, डिस्क दोन्ही घ्यायचे ते एकाच ॲक्सलची जोडी म्हणून, आणि लेथवर दोघांचं माप सारखं ठेवायचं, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

मास्टर सिलिंडर, बूस्टर

मास्टरच्या अंगावर बोअरचं माप असतं: ११/१६, ३/४, १३/१६, किंवा मिलिमीटरमध्ये १७.४६, १९.०५, २०.६४. बाहेरून सगळे सारखे दिसतात आणि बोल्टही कित्येकदा बसतात. ३/४ च्या जागी १३/१६ बसवलात तर क्षेत्रफळ सुमारे १७ टक्के वाढतं, म्हणजे पायाचा जोर तोच असताना दाब सुमारे १५ टक्के कमी मिळतो. पेडल छान कडक लागतं, गाडी मात्र उशिरा थांबते. मेस्त (मेकॅनिक) पेडल दाबून "मस्त झालं" म्हणतो, ते याच कडकपणाला फसून. मागच्या व्हील सिलिंडरचा बोअर मोठा आला तर उलट घोळ: पावसाळ्याच्या पहिल्या सरीत मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते. तेव्हा नेहमी माप जुळवा, दिसणं नाही.

सर्क्लिप काढून पिस्टन बाहेर घ्या आणि टॉर्चने भोक पाहा. बीड लोखंडाच्या बोअरमध्ये नख न अडणारा डाग चालतो, तो बारीक होनने (भोक आतून घासायच्या हत्याराने) जातो. खड्डा असेल तर पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घ्यावी लागते, आणि दुर्मीळ गाडीसाठी तो खर्च परवडतोही. ॲल्युमिनियमच्या बोअरला मात्र होन लावायचा नाही. त्यावरचा कडक थर निघून गेला की नवे सील काही महिन्यांत खलास.

बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा गोल डबा) काढण्याआधी मास्टरच्या खालची जागा पाहा. तिथला रंग सोलून निघाला असेल तर मास्टर मागून गळत होता आणि ऑइल बूस्टरच्या पोटात गेलंय. हलवून पाहा, आत काही डचमळलं तर ठेवून द्या. हातपंपाने ५०० मिमी पाऱ्यापर्यंत निर्वात करा, १५-२० सेकंद काटा जागचा हलता कामा नये. नळीच्या तोंडाशी असलेली एकदिशा झडप एका बाजूने फुंकली तर हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने नाही. बूस्टर आणि मास्टर वेगवेगळ्या गाड्यांतून जमवलेले असतील तर मधल्या दांडीची लांबी जुळवायलाच हवी. दांडी जास्त लांब असली तर मास्टरचं छोटं परतीचं भोक झाकलेलं राहतं आणि पाच-सहा किलोमीटरवर चारही चाकं हळूहळू धरू लागतात.

आट्यांचा सापळा

खिशातला फ्लेअर नट आता काढा. ॲम्बेसेडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, तिच्या पाइपचे नट ३/८ इंचाचे, इंचाला २४ आटे. जपानी ढंगाच्या गाड्यांचे १० मिमीचे, १ मिमी अंतराचे. ३/८ म्हणजे ९.५३ मिमी, आणि दोन आट्यांमधलं अंतर १.०६. हा नट १० मिमीच्या भोकात सुरुवातीला आरामात जातो, थोडा खुळखुळतो, आणि आवळताना अचानक आटे मारून मोकळा होतो. नाहीतर त्याहून वाईट: धरून राहतो, आणि पहिल्याच जोरदार ब्रेकला सुटतो. नट बोटाने शेवटपर्यंत, खुळखुळ न होता, गेला पाहिजे. पाइपचं टोकही पाहा: आत वळलेल्या नरसाळ्यासारखं की छत्रीसारखं फुगीर. एकाच्या जागी दुसरं बसत नाही, कितीही आवळलं तरी पाझरतं.

पैसे द्यायच्या आधी

भंगारवाल्याकडे दोन भाव असतात, किलोचा आणि नगाचा. ब्रॅकेट, बॅकप्लेट, ड्रम किलोच्या जवळ मागा. मास्टर आणि कॅलिपरला तो नगाचा भाव सांगणार, तिथे निप्पल, पिस्टन, बोअर दाखवून बोला. गाडीचा चासी नंबर लिहिलेली पावती घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि पावती नसेल तर आपल्याला माहीत नव्हतं हे सांगणं अवघड जातं. इथे मिळालं नाही तर मुंबईत कुर्ला आणि बेंगळुरूत शिवाजीनगर हे जुन्या पार्टांचे मोठे बाजार आहेत. तिथून मागवताना कास्टिंगवरचे आकडे दाखवणारा फोटो आधी मागून घ्या.

घरी

पेट्रोल, रॉकेल, डिझेलने धुवायची सवय गॅरेजात सगळीकडे आहे, आणि नवे सील महिन्याभरात फुगायचं कारणही बहुतेकदा तेच. ब्रेकचं रबर खनिज तेल सोसत नाही. रबर काढून टाकलेला सांगाडा रॉकेलने घासलात तरी शेवटी स्पिरिट किंवा ब्रेक क्लीनरने दोनदा धुवा आणि कोरडा करा. अडकलेला पिस्टन काढायला ग्रीस गन निप्पलच्या भोकाला लावा, तो हळू आणि निमूट बाहेर येतो. मग सगळं ग्रीस पुसून धुवा. हवा वापरायचीच असेल तर कॅलिपरच्या जबड्यात लाकडाचा ठोकळा ठेवा आणि बोटं लांब, पिस्टन गोळीसारखा सुटतो. सील बसवताना ताजं ब्रेक ऑइल लावा, सरकपिनांना (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना) सिलिकॉन किंवा रबराचं लाल ग्रीस. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस नाही.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. कोरडं असताना त्यांचा उत्कलनबिंदू किमान २०५ आणि २३० अंश, ओल शोषल्यावर १४० आणि १५५. चोर्ला घाट उतरताना पेडल अचानक पोकळ होतं ते ही ओल उकळून वाफ झाल्यामुळे. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्यात मिसळू नका. फोडलेली बाटली गोव्याच्या दमट हवेत पुढच्या महिन्यासाठी जपू नका. छोट्या गाडीला अर्धा लिटर लागतं, हाताशी एक लिटर ठेवा.

हवा काढताना पेडल तळाला लावू नका, खाली लाकडाची फळी ठेवा. मास्टरच्या ज्या भागात सील रोज फिरत नाही तिथे गंजाची खरखर असते, पूर्ण दाबलं की सील तिच्यावरून जातो आणि कापला जातो. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सुरुवात डाव्या मागच्या चाकापासून. तिरक्या सर्किटच्या गाडीत (एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एकाच सर्किटवर) त्यानंतर उजवं पुढचं, मग उजवं मागचं आणि शेवटी डावं पुढचं. निप्पल फक्त ७-९ न्यूटन मीटरने आवळायचा, म्हणजे छोट्या पान्याला मनगटाचा हलका झटका. तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे.

इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट जोराने दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल तर मास्टर आतून गळतोय. मग मोकळ्या मैदानावर ताशी २० च्या वेगाने दहा-बारा वेळा थांबा, आणि पाच किलोमीटरची फेरी मारून चारही रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तो पिस्टन किंवा सरकपिन परत सोडवा. रात्री प्रत्येक चाकाखाली वर्तमानपत्राचं एक पान पसरून गाडी लावा आणि सकाळी त्यावर ऑइलचा डाग आहे का ते पाहा. १०० किलोमीटर झाल्यावर बँजो आणि ब्रॅकेटच्या बोल्टांवर पुन्हा एकदा पाना ठेवा.